आधी आवाज, मग घास

मी अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कपड्यांच्या कारखान्यात लाइन सुपरवायझर आहे. एका शेडमध्ये दोनशेच्या वर शिलाई मशीन, बाजूला वाफेच्या इस्त्र्या आणि टोकाला कापड कापायचे मोठे कटर. या आवाजात सतरा वर्षं काढल्यावर माणूस दोन गोष्टी शिकतो, ओठ वाचायला आणि ओरडायला. घरीही मी ओरडूनच बोलते असं नवऱ्याचं म्हणणं आहे. मी त्याला सांगते, तुलाच कमी ऐकू येतं.

त्यामुळे आवाजाला भिणं हे मला कायम नखरे वाटत आले. मिक्सर लावला की कान झाकणारी माणसं असतात, तशांशी माझं फारसं जमत नाही. आणि नेमका माझ्या आईनेच असा कुत्रा पाळला.

पाळला म्हणजे तोच येऊन राहिला. आई अकोल्याला जठारपेठेत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहते. तीन वर्षांपूर्वी समोरच्या रस्त्यावरून एक वरात चालली होती. डीजेची गाडी तिच्या घरासमोर आली आणि हा कुठूनसा धावत फाटकातून आत आला, तो थेट पलंगाखाली. काळा, पांढऱ्या पायांचा, गावठी. वरात गेली, लग्न लागलं, नवरीची पाठवणीही झाली असेल, हा पलंगाखालून बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आईने भाकर दुधात कुस्करून ठेवली तेव्हा नाक तेवढं दिसलं. आमच्या वऱ्हाडात कुठल्याही पोराला म्हणतात तसं ती त्याला ‘बाबू’ म्हणायला लागली आणि विषय संपला.

तो कशाकशाला भीत असे याची यादी करण्यापेक्षा कशाला भीत नसे ते सांगणं सोपं. मांजराला भीत नसे आणि आईला भीत नसे. बाकी मिक्सर, कुकरची शिट्टी, कूलर, गॅसचे सिलिंडर उतरवायची गाडी, केळीवाल्याच्या हातगाडीवरचा भोंगा, भ्यायला काहीही चालत होतं. आईने त्याच्यापुढे लोटांगण घातलं होतं. चटणी खलबत्त्यात कुटायची, भात पातेल्यात शिजवायचा. एका मे महिन्यात मी गेले तर कूलर बंद. अकोल्याचा मे महिना ज्याने पाहिला नाही त्याला यातली गंमत कळणार नाही. बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि ही ओला पंचा डोक्यावर घेऊन बसलेली.

“कूलर काहून बंद आहे?” मी विचारलं.

“तो भेते,” आई म्हणाली.

माझी आई स्वतः आवाजाला भिणारी बाई नाही, हे मुद्दाम सांगते. तिने वीस वर्षं जिनिंगमध्ये काढली. सरकीपासून कापूस वेगळा करणाऱ्या त्या मशीनपुढे बसलेल्या बाया एकमेकींच्या कानाला तोंड लावून बोलतात. तिचा पगार, माझं शिक्षण, सगळं त्या खडखडाटातून आलं. खोकलाही तिथूनच आला असणार, पण तो बरीच वर्षं लपून राहिला. गेल्या हिवाळ्यात तिला फाटकापर्यंत जाऊन येताना मध्ये थांबावं लागायला लागलं, तेव्हा मी तिला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. फुप्फुसं आखडली आहेत, ती सुधारणार नाहीत, सांभाळायची आहेत, असं ते म्हणाले. घरी ऑक्सिजनची मशीन ठेवायची आणि दिवसातून पंधरा-सोळा तास नाकाला नळी लावायची. हे तास चुकवायचे नाहीत, तास चुकले तर हृदयावर ताण येईल, असं त्यांनी मला वेगळं बोलावून सांगितलं.

मशीन मी अमरावतीहून आणली. येताना गिला वडाही आणला, कारण आमच्या घरात वाईट बातमी कोणी उपाशीपोटी देत नाही. आधी दोन घास पोटात, मग काय ते. बाबा गेले तेव्हाही मला आत्याने आधी चहा-पोहे खायला लावले होते. आईने वडा खाल्ला, बोटं पुसली आणि म्हणाली, “आता सांग.” मी सांगितलं. मशीन पलंगाशेजारी लावली, बटण दाखवलं, नळी कशी घालायची ते दाखवलं. विजेची लाइन गेली तर मशीन शिट्टीसारखी ओरडेल, मग शेजारी ठेवलेला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर किल्लीने उघडायचा आणि नळी त्याला लावायची, तेही दाखवलं. दहाएक मिनिटं लागली. बडनेऱ्याची गाडी पकडायची होती. निघताना मी तिला म्हणाले, “काही नाही, सोपं आहे.” कुत्रा तेव्हा न्हाणीघरात होता.

तीन आठवड्यांनी मी गेले तेव्हा आई पलंगावर बसलेली, ओठ जरा निळसर, मशीन बंद. आत्ताच बंद केली म्हणाली. कारखान्यात आमच्या पोरी असंच सांगतात, आत्ताच उठले मॅडम. अशा वेळी मी पोरीकडे बघत नाही, मशीनच्या आकड्याकडे बघते. या मशीनलाही मागच्या बाजूला एक छोटा मीटर असतो, किती तास चालली ते सांगणारा. तीनशेच्या वर तास व्हायला हवे होते. झाले होते एकसष्ट.

मी आवाज चढवला. आई शांत होती.

“तो भेते,” ती म्हणाली. “मशीन लावली की पलंगाखालून निघत नाई. खात नाई, पीत नाई. दोन दिवस मुतला नाई तो. मंग मी बंद करतो.”

आमच्याकडे बायाही ‘मी करतो’, ‘मी जातो’ म्हणतात. पुण्याच्या माणसाने दचकू नये.

मी पलंगाखाली वाकून पाहिलं. तो भिंतीला चिकटून बसला होता आणि बसल्याजागी थरथरत होता. मशीन तर बंद होती. मला दया नाही आली, खरं सांगते. मला आईचे निळे ओठ दिसत होते आणि त्याला कारण म्हणून हे कुत्रं दिसत होतं. मी म्हणाले, याला मी घेऊन जाते, आमच्याकडच्या वॉचमनच्या ओळखीचा मळा आहे, तिथे ठेवू. आईने नळी गुंडाळली, नीट गाठ मारली आणि मशीनवर ठेवली.

“मंग हेही घेऊन जाय,” ती म्हणाली.

ती मला चांगली ओळखते आणि मी तिला. ती एकदा असं म्हणाली की पुढे बोलण्यात अर्थ नसतो. आमच्याकडे येऊन राहा म्हणावं तर आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तेव्हा हिशेब सरळ होता. कुत्र्याची भीती गेली तर मशीन चालेल, मशीन चालली तर आई चालेल.

मी आधी माझ्या पद्धतीने गेले, म्हणजे मशीन दुरुस्त करायला. खाली रबराचे तुकडे टाकले, घरघर जरा उतरली. मग मशीन स्वयंपाकघरात ठेवून लांब नळी आणली. पण दोन खोल्यांच्या घरात आवाज कुठे जाणार, आणि त्या नळीत पाय अडकून आई ओट्यावर आदळली. कपाळाला टेंगूळ आलं. लांब नळी मी त्याच दिवशी काढून टाकली.

मग आई म्हणाली, मी शिकवतो त्याले. तिची रीत अशी. ताटलीत भाकर आणि वर थोडं तूप. तो पलंगाखालून यायचा, खायला लागायचा. त्याच्या पाठीवर हात फिरवत ती म्हणायची, “काई नाई रे बाबू, काई नाई, काई नाई,” आणि बटण दाबायची. तो पळायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा भाकर, पुन्हा काई नाई, पुन्हा बटण. फोनवर ती मला रोजचा अहवाल देत होती आणि मीही म्हणत होते, करत राहा, होईल सवय. आठवड्याने तो भाकर बघूनच पळायला लागला. मशीन दूर, बटण दूर, ताटलीचा आवाज आला की पलंगाखाली. आणि आईने केळीवाल्याशी बोलताना सहज “काई नाई जी” म्हटलं तरी तो कान पाडून आत जायचा. तीन वर्षं जी भाकर खाऊन तो जगला होता तिच्याकडे तो बघेना. बरगड्या दिसायला लागल्या.

तेव्हा मी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. ते मुख्यतः गाई-म्हशी, बकऱ्या बघणारे, भिंतीवर गोचिडाच्या औषधाचं कॅलेंडर. मी त्यांना सगळं सांगितलं, आवेशाने, कारण मला वाटत होतं आम्ही शक्य ते सगळं केलं आहे. त्यांनी विचारलं, “खायला कधी देता? आवाजाच्या आधी की नंतर?”

“आधी. म्हणजे त्याचं मन रमावं.”

ते हसले. “बाई, तुम्ही त्याला खाऊ घालून वाईट बातमी देऊन राहिल्या. रोज. आता भाकर आली की तो समजते, काहीतरी वाईट येणार. काई नाई म्हटलं की पक्कं समजते.”

मला गिला वडा आठवला.

त्यांनी मग उलट सांगितलं. आवाज आधी, घास मग. आवाज सुरू झाला की लगेच खाणं सुरू, आवाज संपला की खाणंही संपलं. आवाज इतका बारीक की त्याचा कान हलला पाहिजे, पाय नाही. पाय हलला म्हणजे तुम्ही घाई केली, मागे जा. दार उघडं ठेवायचं, त्याला कोंडायचं नाही, बांधायचं नाही. आणि भाकर काही दिवस बाजूला ठेवा, तिचं नाव खराब झालं आहे. अंडं उकडा. जवळ घेतलं, थोपटलं तर चालेल, पण तो शब्द सोडा.

“किती दिवस लागतील?”

“ते त्याले विचारा,” डॉक्टर म्हणाले.

मी साठवलेली रजा काढली, बारा दिवसांची. मॅनेजरला कारण सांगितलं आईचं आजारपण, ते खोटं नव्हतं. आणि खरं म्हणजे हे काम मला येत होतं, फक्त मी ते पोरींसाठी करत आले होते. कारखान्यात खेड्यातून नवी पोरगी येते, तिने घरची पायाची मशीन पाहिलेली असते. आमची मशीन पाय लागताच सुसाट सुटते आणि पोरगी किंचाळते. तिला मी पहिल्या दिवशी कापड देत नाही. कागद देते, त्यावर आखलेल्या रेघा. सुईत दोरा नाही. नुसती भोकं पाड, सरळ. जिचा पाय थरथरतो तिला मी नुसतं बसवते, मशीन बंद ठेवून. मला रागीट म्हणतात सगळ्या, पण कागदावरच्या पोरीवर मी कधी ओरडले नाही.

तर कुत्र्याला मी कागदावर बसवला. मशीनचा आवाज मोबाईलमध्ये भरला. मोबाईल तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवून झाकण लावलं, डबा स्वयंपाकघरात, मी आणि तो पुढच्या खोलीत जमिनीवर. तो पलंगाखाली, मी पलंगाबाहेर. डब्यातून जेमतेम घुं येत होतं. त्याचा कान हलला. मी अंड्याचा तुकडा सरकवला. आवाज बंद, अंडं बंद. असं पाच वेळा, मग सुट्टी. दिवसातून चार वेळा. पहिले तीन दिवस तो पलंगाखालून हात लांब करून घेतल्यासारखा मान लांब करून घ्यायचा. आई पलंगावर बसून बघायची. आतल्या खोलीत मशीन लावून, दार लोटून, कुत्रा ओसरीत, असे तिचे तास मी तेव्हा पुरे करून घेत होते. सत्राच्या वेळेपुरती ती बाहेर येऊन बसायची. तिला हा प्रकार करमणुकीचा वाटत होता.

“एवढी धीर धरणारी तू कधीपासून झाली?” तिने विचारलं.

चौथ्या दिवशी मी झाकण उघडलं आणि शहाणपणा करून आवाजही वाढवला. तो पळाला आणि दिवसभर अंडं घेईना. चूक माझी होती. पुन्हा झाकण. पुन्हा तुरीची डाळ. मला माझाच राग आला, पण ओरडायला समोर कोणी नव्हतं. आठव्या दिवशी झाकण निघालं. दहाव्या दिवशी मोबाईल पलंगाशेजारी. खरी मशीन बंद स्थितीत मध्ये ठेवून तिच्यावर अंड्याचे तुकडे ठेवले, ते त्याने मान वाकडी करून उचलले. बाराव्या दिवशी मी खरी मशीन शेजारच्या खोलीत दार बंद करून लावली. तो उभा राहिला, दाराकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे पाहिलं. मी तुकडा दिला. त्या क्षणी मला इतका आनंद झाला की मी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून हलवलं. तो मला चाटला नाही, तेवढी आमची ओळख अजून झाली नव्हती.

बाहेरचे आवाज राहिले होते. केळीवाले चाचा रोज दहाच्या सुमारास फाटकाशी गाडी लावत, भोंग्यावर त्यांचाच आवाज भरलेला, केळी घेऽऽ केळी, मध्ये खरखर. मी त्यांना जाऊन सांगितलं, की आमच्या फाटकाशी भोंगा जरा हळू ठेवाल का, कुत्र्याला शिकवून राहिलो.

चाचांनी गंभीरपणे ऐकून घेतलं. “बाई, घरचे भी हेच म्हणतात, भोंगा हळू करा. त्यांच्यासाठी नाई केला आजवर. कुत्त्यासाठी करतो.”

आणि त्यांनी केला. पहिल्या आठवड्यात ते कोपऱ्यावरच भोंगा अगदी बारीक करून फाटकाशी येत. आई ओसरीत घास देई. मग हळूहळू वाढवत नेला. पुढे चाचा स्वतःच गाडीवरून केळ्याचा तुकडा फेकायला लागले. कुत्रा केळं खातो हे तेव्हा कळलं. शेवटी भोंगा कोपऱ्यावर वाजला की हा फाटकाशी जाऊन उभा. आई म्हणायची, “चाचा, गिऱ्हाईक आलं तुमचं.”

रजा संपल्यावर मी शनिवारी संध्याकाळी कारखान्यातून परस्पर बडनेऱ्याला जाऊन गाडी धरायची आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. नवरा म्हणाला, इतक्या वेळा तू मला भेटायला माझ्या बदलीच्या गावीही आली नव्हतीस. हे खरं होतं. मशीन दार बंद करून, मग दार अर्धं उघडून, मग पूर्ण, मग उंबऱ्यावर, मग पलंगाशेजारी. प्रत्येक टप्प्यावर कान हलला, पाय नाही, याची खात्री करून पुढे. मधल्या दिवसांत आई करायची, आता बरोबर क्रमाने. महिना-दीड महिना गेला. एका रविवारी दुपारी मशीन पलंगाशेजारी पूर्ण आवाजात चालू होती, आई नळी लावून पडली होती, आणि हा मशीनला पाठ टेकून झोपला होता. घोरत होता. मशीनची गरम हवा मागून येते, हिवाळ्यात त्याची चैनच होणार होती. मी फोटो काढून नवऱ्याला पाठवला. डॉक्टरांना फोन करून सांगितलं. मला वाटलं, झालं.

त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी मी गेले. कुत्रा फाटकापर्यंत आला, शेपूट हलवली. आत मशीन बंद. आईचे ओठ निळसर. मी पिशवी खाली ठेवली आणि सरळ मीटर बघितला. दोन आठवड्यांत ऐंशीच्या आसपास तास. त्यातले निम्मे तर आधीच्या शनिवार-रविवारी मी तिथे असतानाचे.

मी ओरडले नाही. ओरडायचं सुचलंच नाही. कुत्रा मशीनशेजारी जाऊन बसला होता आणि मशीन लागायची वाट बघत होता, कारण मशीन लागली की अंडं मिळतं.

“आता तं तो नाई भेत,” मी म्हणाले. “आता काहून बंद?”

आईने पदराने चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

“जिनिंगात मशीन बंद पडली की आमी खुश,” ती म्हणाली. “मालक बोंबले, पण आमी घरी जाऊ. ही बंद पडली तं मी कुठी जाऊ?”

मला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. मशीन आणून दिल्यावर चौथ्या दिवशी दुपारी लाइन गेली. मशीन ओरडायला लागली. ती ओरडते म्हणजे काय हे मी तिला तोंडी सांगितलं होतं, ऐकवलं नव्हतं. आई दचकून उठली, किल्ली हातातून पडून पलंगाखाली गेली. ती वाकायला गेली तर दम लागला. कुत्रा किंचाळत घरभर पळाला आणि त्याच पलंगाखाली शिरला. तो बाहेर येईना, तिला आत हात घालवेना. मशीन ओरडतच होती. वीस मिनिटांनी लाइन आली तोवर ती जमिनीवर बसून होती आणि तो तिच्याकडे बघत होता.

“तेव्हापासून चालू असली की माहे कान तिच्याकडंच,” आई म्हणाली. “आता बंद पडन, आता बंद पडन. झोप नाई लागत. मी आपल्या हातानं बंद केली की मंग भेव नाई वाटत. आता बंदच आहे, आणखी काय बंद पडन.”

“मले सांगितलं काहून नाई?”

“तो भेते म्हटलं ना मी.” ती कुत्र्याकडे पाहत होती. “तो तं खरंच भेत होता. खोटं नाई सांगितलं.”

मी मशीन सुरू केली, तिच्या नाकाला नळी लावली. कुत्र्याने माझ्या हाताकडे पाहिलं. हातात काही नव्हतं. आई थोडा वेळ नुसती श्वास घेत राहिली, ओठांचा रंग परत आला, आणि मग तिने ते सांगितलं, तक्रारीच्या सुरात नाही, आज भाजी काय करू असं विचारावं तसं.

“त्याच्यापाशी तू दीड महिना जमिनीवर बसली. मले उभ्या-उभ्या दहा मिनिटं सांगितलं अन् गाडी पकडली.”

मला लाज वाटली. अशी लाज मला कारखान्यात कधी वाटली नव्हती, नवऱ्यासमोर नाही, कोणासमोर नाही. सतरा वर्षांत मी एकाही नव्या पोरीला असं मशीनपुढे एकटं सोडलेलं नाही. ज्या बाईने खडखडाटात वीस वर्षं काढली ती मशीनला भिणार नाही असं मी धरून चालले होते. ती आवाजाला भीत नव्हतीच. तो थांबेल याला भीत होती.

किल्ली शोधली. सिलिंडरच्या मानेला दोरीने बांधून टाकली, म्हणजे पडली तरी लोंबकळेल. आईला म्हणाले, पाय खाली सोडून बस. मी समोर जमिनीवर बसले. म्हणाले, आता मी भिंतीचं बटण बंद करते. मशीन ओरडेल. तू घाई करू नको, मी इथंच आहे.

मी बटण बंद केलं. मशीन ओरडली. कुत्रा ओसरीत पळाला, दारातून बघत राहिला. आईच्या हातून किल्ली दोनदा सुटली, दोरीला लोंबली, तिने पुन्हा धरली. फिरवली. सिलिंडर फुसफुसला. मशीनची नळी काढून सिलिंडरला लावायला तिला मिनिटभर लागलं असेल. मी हात मांडीखाली दाबून ठेवले होते, कारण ते आपोआप पुढे जात होते.

तिने नाकाची नळी नीट केली, श्वास घेतला, घाम पुसला. मशीन अजून ओरडतच होती. मी बटण सुरू करायला उठले.

“बस खाली,” आई म्हणाली. “ओरडू दे तिले. आयकू दे मले.”

मी बसले. तिने दहा-बारा श्वास घेतले. मग स्वतः उठून भिंतीचं बटण सुरू केलं, नळी मशीनला लावली, सिलिंडर बंद केला, आणि पलंगावर जाऊन पाय खाली सोडून बसली.

“अजून एकदा,” ती म्हणाली.